दहा टनांचं दालन, आठ टनांचं रॉकेट

ठिणगी टाकली शर्वरीने. "२०४० साली भारतीय माणूस चंद्रावर उतरणार म्हणे, आणि इथे आपल्याला आपलं नाविक, जीपीएससारखी आपली उपग्रहांची व्यवस्था, धड चालवता येत नाही." एवढं बोलून ती गप्प बसली असती तर चाललंही असतं, पण कट्ट्यावर एक वाक्य बोलून कोणी थांबत नसतं. पुढचे दोन तास जे झालं ते जमेल तसं उतरवून काढलंय. शिव्या आणि क्रिकेट तेवढं गाळलंय. बोलणारे चौघे: शर्वरी, मिलिंद, बंड्या आणि अण्णा. कोण कुठल्या बाजूचं ते बोलण्यातून कळेलच, आणि मध्येच बाजू बदलली तर तेही.

मिलिंद : धड चालत नाही म्हणजे काय? आकडे बोल.

शर्वरी : बोलते की. २०१३ पासून नाविकसाठी अकरा उपग्रह सोडले. जुलै २०२५ मध्ये सरकारने संसदेत हिशोब दिला. जागा आणि वेळ सांगायच्या कामाचे चार. फक्त एकतर्फी संदेश पाठवायला वापरतात ते चार. एक निवृत्त. आणि दोन ठरलेल्या कक्षेत पोचलेच नाहीत. आता जागा काढायला कमीत कमी किती उपग्रह लागतात?

बंड्या : तीन.

शर्वरी : चार. अक्षांश, रेखांश, उंची ही तीन अज्ञातं, आणि चौथं अज्ञात म्हणजे तुझ्या फोनमधल्या स्वस्त घड्याळाची चूक. म्हणजे तेव्हा आपण बरोबर काठावर पास. एक आणखी गेला की दुकान बंद.

मिलिंद : पण ते बिघडले घड्याळांमुळे, आणि ती घड्याळं बाहेरून आणलेली होती.

शर्वरी : रुबिडियमची, एकेका उपग्रहात तीन-तीन. पहिल्या उपग्रहातली तिन्ही बसली. असा उपग्रह म्हणजे आकाशात टांगलेलं घड्याळच असतं रे. प्रकाश एका नॅनोसेकंदात तीस सेंटिमीटर जातो. घड्याळ शंभर नॅनोसेकंद चुकलं की अंतर तीस मीटर चुकलं, रस्त्याऐवजी नाल्यात. बरं, बदली उपग्रह पाठवला ऑगस्ट २०१७ मध्ये, तर पीएसएलव्ही रॉकेटचं उष्णकवच उघडलंच नाही. उपग्रह डब्यातल्या डब्यात सुटला. मे २०२३ मध्ये देशी घड्याळ घेऊन एनव्हीएस-०१ गेला, तो चांगला. मग जानेवारी २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याचं शंभरावं उड्डाण, केवढा गाजावाजा! रॉकेटने काम चोख केलं, पण एनव्हीएस-०२ च्या स्वतःच्या इंजिनाला ऑक्सिडायझर, म्हणजे इंधन जाळणारा पदार्थ, सोडणारी झडप उघडली नाही. बसला लंबगोल कक्षेत घिरट्या घालत. एका झडपेपायी.

मिलिंद : मग यात माणसं अंतराळात नेणाऱ्या गगनयानने काय घोडं मारलं? पैशाचे डबे वेगळे आहेत.

शर्वरी : पैशाचं म्हणतच नाहीये मी. चाचणीचे स्टँड तेच, लाँचपॅड तेच, अनुभवी माणसं तीच. २०२४ मध्ये भारतातून कक्षेत जाणारी उड्डाणं झाली पाच. २०२५ मध्ये पुन्हा पाच. पाच जागांच्या गाडीत कोणाला बसवायचं, एवढाच प्रश्न आहे.

बंड्या : अगं पण बैलगाडीवरून उपग्रह नेणारा देश आज...

इथे अण्णांनी हात वर केला. बैलगाडीचा विषय निघाला की ते अस्वस्थ होतात, आणि माझ्या मते बरोबर होतात.

अण्णा : ती बैलगाडी गरिबीची नव्हती रे बाबा. ॲपल नावाच्या उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी घ्यायची होती. आजूबाजूला लोखंड असलं की मोजमाप बिघडतं. ट्रक म्हणजे लोखंडाचा ढीग, म्हणून लाकडी गाडी. तो उपग्रह १९८१ साली युरोपच्या एरियान रॉकेटवरून गेला. तो फोटो दाखवून लोक डोळे पुसतात, कोणी विचारत नाही गाडी का आणली. असो. तुम्ही दोघं काय पाठवायचं यावर भांडताय. मला आधी सांगा, वजन किती जातं?

मिलिंद : आपल्या सगळ्यात मोठ्या रॉकेटने, एलव्हीएम-३ ने? खालच्या कक्षेत आठ टन. भूस्थिर हस्तांतर कक्षेत, म्हणजे ३६ हजार किलोमीटरवरच्या भूस्थिर कक्षेकडे नेणाऱ्या लंबगोल वाटेवर, चार टन.

अण्णा : आणि आपलं अंतराळ स्थानक किती टनांचं?

मिलिंद : बावन्न टन, पाच दालनं. पहिलं दालन २०२८ पर्यंत, पूर्ण स्थानक २०३५ पर्यंत.

अण्णा : पहिलं दालन दहा टनांच्या घरातलं आहे. रॉकेट आठ टनांचं. वरचे दोन टन काय रिक्षाने नेणार?

कट्टा जरा शांत झाला. खरा वाद इथून पुढचा.

बंड्या : ते रॉकेट तर डिसेंबर २०२५ मध्ये सहा टनांचा अमेरिकी उपग्रह घेऊन गेला की. ब्लूबर्ड. आपण नेलेलं सगळ्यात जड वजन.

अण्णा : गेला, झकास गेला. सहा हजार शंभर किलो. पण त्याच्या आधीच्या महिन्यातलं उड्डाण बघ. सीएमएस-०३, ४४१० किलोचा. भूस्थिर कक्षेकडे जाणारा आपला सगळ्यात जड उपग्रह आपल्याच रॉकेटने गेला म्हणून टाळ्या वाजल्या. पण त्यासाठी कक्षेचं वरचं टोक ३६ हजारांऐवजी तिसेक हजार किलोमीटरवर ठेवावं लागलं. उरलेली चढण उपग्रहाने स्वतःच्या इंधनावर चढायची. आणि त्याच्या वर्षभर आधी जीसॅट-एन२, ४७०० किलो, अमेरिकेच्या फाल्कन-९ रॉकेटला भाडं देऊन पाठवला. रॉकेटच्या कुवतीची चौकट दिसते ती अशी.

शर्वरी : म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरलं, चंद्राच्या बाता कशाला.

अण्णा : तुझं अर्धं खरं. अडलंय कुठे ते नीट बघ. या रॉकेटच्या दोन्ही बाजूंना एस-२०० नावाचे घन इंधनाचे दोन खांब, प्रत्येकात दोनशे टनांवर इंधन. ते उत्तम आहेत. सगळ्यात वर सी-२५, अतिथंड द्रव हायड्रोजन आणि ऑक्सिजनवर चालणारा क्रायोजेनिक टप्पा, तोही छान. मधला एल-११० हा दुबळा दुवा. त्यात दोन विकास इंजिनं.

मिलिंद : विकासला नावं ठेवू नका अण्णा. पीएसएलव्हीपासून सगळ्यांना त्यानेच ओढलंय.

अण्णा : नावं नाही ठेवत. पण त्याचं मूळ फ्रेंच वायकिंगमध्ये, १९७४ च्या करारातलं. इंधन हायड्रॅझिन जातीचं, जोडीला नायट्रोजन टेट्रॉक्साइड. फायदा असा की दोन्ही एकमेकांना भिडले की आपोआप पेटतात, ठिणगी नको. साध्या तापमानाला टाकीत राहतात. तोटे दोन. एक, जबर विषारी, भरताना माणूस पूर्ण बंद पोशाखात लागतो. दोन, किलोमागे ढकल कमी. त्या ढकलीचं माप म्हणजे विशिष्ट आवेग, विकासचा २९३ सेकंदांच्या आसपास. केरोसिन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणाऱ्या सेमी-क्रायो इंजिनाचा आराखड्यात ३३५. एकूण जोर म्हणशील तर दोन विकास मिळून १६०० किलोन्यूटन, ते एकटं २०००. एल-११० काढून त्या जागी हा एससी-१२० टप्पा बसवला आणि वरचा क्रायो थोडा मोठा केला, की भूस्थिर हस्तांतर कक्षेत चार टनांचे पाच टनांवर जातात आणि खालच्या कक्षेत दहापर्यंत. तुझं दहा टनांचं दालन तिथे बसतं.

बंड्या : मग बसवा की!

मिलिंद : २००८ साली मंजुरी मिळाली त्या इंजिनाला. १७९८ कोटी. अजून उडालेलं नाही. मार्च २०२५ मध्ये तमिळनाडूत महेंद्रगिरीला पहिली यशस्वी गरम चाचणी झाली, किती वेळाची माहितीय? अडीच सेकंद.

बंड्या : सतरा वर्षांत अडीच सेकंद!

शर्वरी : एप्रिलमध्ये साडेतीन झाले. प्रगती आहे.

सगळे हसले, अण्णा सोडून.

अण्णा : हसा. त्या अडीच सेकंदांत काय असतं ते सांगतो. या इंजिनात आधी एक छोटी भट्टी असते, प्रीबर्नर. तिच्यात जवळजवळ सगळा ऑक्सिजन जातो आणि केरोसिन चिमूटभर. तयार होतो तो तापलेल्या, प्रचंड दाबाच्या ऑक्सिजनचा झोत. तो टर्बाइन फिरवतो, टर्बाइन पंप फिरवतं, आणि मग तोच वायू मुख्य ज्वलनकक्षात जाऊन उरलेल्या केरोसिनबरोबर जळतो. मुख्य कक्षात दाब १८० बार, म्हणजे प्रीबर्नरमध्ये त्याहून बराच जास्त. आता तापलेला ऑक्सिजन एवढ्या दाबाने पोलादावर सोडला तर काय होतं?

मिलिंद : पोलादच जळतं.

अण्णा : लाकडासारखं जळतं. धातूचा एक कण सुटून पंपाच्या पात्याला घासला की तिथे ठिणगी, आणि पुढे इंजिन उरत नाही. म्हणून खास मिश्रधातू लागतात, आतून लेप लागतात, पाइपांत धुळीचा कण चालत नाही.

बंड्या : मग उलटं करा. केरोसिन जास्त, ऑक्सिजन कमी.

अण्णा : काजळी धरते. कंदिलाची काच आठव. टर्बाइनच्या पात्यांवर आणि बारीक भोकांत काजळी बसली की संपलं. म्हणून हाच अवघड रस्ता. रशियन लोकांनी तो फार आधी जिंकला, अमेरिकेने वर्षानुवर्षं त्यांची इंजिनं विकत घेऊन आपल्या ॲटलस रॉकेटला लावली.

मिलिंद : जुलै २०२३ ची चाचणी फसली ती सुरुवातीच्याच क्षणांत. साडेचार सेकंदांची ठरवली होती. १.९ सेकंदापर्यंत सगळं आखल्याप्रमाणे, मग टर्बाइनचा दाब अचानक उसळला, वेग पडला, चाचणी बंद केली. इंजिन चालू स्थितीत ठेवणं एक वेळ सोपं, चालू करणं अवघड. कुठली झडप कधी उघडते, प्रीबर्नर कधी पेटतो, पंपात द्रव भरलाय का अजून वायूचे बुडबुडे आहेत, हे सगळं मिलिसेकंदांत जुळावं लागतं. म्हणून मे २०२४ मध्ये नुसता प्रीबर्नर वेगळा पेटवून बघितला, आणि मार्च २०२५ मध्ये पंप, प्रीबर्नर आणि नियंत्रणं एकत्र. ज्वलनकक्ष अजून जोडलेला नव्हता.

शर्वरी : आणि तेवढ्यासाठी स्टँड?

मिलिंद : स्टँडच तर फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. २००० किलोन्यूटनचं सेमी-क्रायो इंजिन तपासायची सोय त्याआधी देशात नव्हतीच. त्या सतरा वर्षांतली बरीच वर्षं इंजिनात नाही गेली, इंजिन तपासायच्या जागेत गेली. मंगळयान ४५० कोटींत केलं याचं कौतुक करतो ना आपण, त्याच काटकसरीची ही दुसरी बाजू. यानं स्वस्तात होतात. चाचणीचे स्टँड स्वस्तात होत नाहीत.

हे वाक्य शर्वरीच्या बाजूचं होतं, पण ते मिलिंदच्या तोंडून निघालं. तिने ते लगेच उचललं.

शर्वरी : बघ, आता तूच म्हणतोयस. क्रायोच्या वेळीही हीच रड होती.

मिलिंद : क्रायोची गोष्ट वेगळी. १९९१ मध्ये सोव्हिएत संस्था ग्लावकॉसमॉसशी करार, १९९२ मध्ये अमेरिकेचे निर्बंध, १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान द्यायला नकार दिला आणि तयार टप्पे दिले. सात. त्यातला एक लावून २००१ मध्ये जीएसएलव्ही रॉकेट उडालं. आपलं स्वतःचं इंजिन पहिल्यांदा उडालं १५ एप्रिल २०१० ला. पेटलं, पण हायड्रोजनचा बूस्टर पंप बंद पडला. मुख्य पंपाच्या आधी एक छोटा पंप असतो, टाकीतून येणाऱ्या द्रवाचा दाब थोडा वाढवून देणारा. तो थांबला की मुख्य पंपाला घोट मिळत नाही. उणे २५३ अंशांचा हायड्रोजन, जरा दाब कमी झाला की जागच्या जागी उकळतो आणि पंप नुसता फेस घुसळतो.

बंड्या : आणि डिसेंबर २०१० चं? ते तर समुद्रावर फुटलं.

मिलिंद : त्यात क्रायो रशियन होतं, आणि बिचाऱ्याची पाळीच आली नाही. टप्प्यांमधले विजेचे कनेक्टर वेळेआधी सुटले. संगणकाचा आदेश खालच्या बूस्टरांपर्यंत पोचेना, रॉकेट वळायला लागलं, नाइलाजाने उडवून द्यावं लागलं.

अण्णा : मला त्यातलं ऑगस्ट २०१३ फार शिकवून जातं. उड्डाणाला सव्वा तास उरलाय आणि दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळतंय. क्रायोतून नव्हे बरं का, वर्षानुवर्षं वापरलेल्या साध्या द्रव टप्प्यातून! उलटी गणती थांबवली. तपासात निघालं की टाकीचा ॲल्युमिनियम मिश्रधातू, अफ्नोर ७०२०, ताणाखाली आणि दमट हवेत कालांतराने तडकतो. बनवताना तडा नसतो, टाकी ठेवून ठेवून येतो. इतकी वर्षं उडत होतं, कारण नशीब. टाकी बदलली, २२१९ मिश्रधातूची केली. ५ जानेवारी २०१४ ला तेच रॉकेट देशी क्रायोसकट व्यवस्थित गेलं. अख्खं जग क्रायोकडे डोळे लावून बसलेलं आणि घात करत होतं जुनं पिंप.

शर्वरी : अण्णा, तुम्ही हे सांगू शकता कारण ते तेव्हा जाहीर झालं. एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटचं पहिलं उड्डाण ऑगस्ट २०२२ मध्ये फसलं, तेव्हाही सविस्तर आलं होतं. दुसरा टप्पा सुटताना हादरा बसला, त्वरणमापकं क्षणभर कमाल मर्यादेला टेकली, संगणकाला वाटलं सेन्सर मेले, तो पर्यायी वाटेने गेला, आणि ३५६ किलोमीटरच्या गोल कक्षेऐवजी खालचं टोक ७६ किलोमीटरवर आलं. वाचून कोणालाही समजेल. आणि आता? मे २०२५ मध्ये पीएसएलव्ही सी-६१ चा तिसरा टप्पा चालू असताना कक्षातला दाब पडला. समितीचा अहवाल लोकांसमोर आला नाही. जानेवारी २०२६ मध्ये सी-६२, पुन्हा तिसऱ्याच टप्प्यात गडबड. दोन्ही वेळेला पृथ्वी निरीक्षणाचे उपग्रह गेले. माझा राग अपयशावर नाही, या गप्प बसण्यावर आहे.

यावर मिलिंदकडे उत्तर नव्हतं. त्याने विषय गगनयानकडे नेला, जी पळवाट होती, पण चांगली पळवाट होती.

मिलिंद : माणूस पाठवायचा म्हटलं ना, की नेमकी हीच शिस्त सक्तीने येते. सी-२५ चं सीई-२० इंजिन. माणसांसाठी पात्र ठरवायला किमान ६३५० सेकंद जाळायचं होतं. चार इंजिनांवर मिळून ३९ चाचण्या, ८८१० सेकंद जाळलं. दाब कमी-जास्त, मिश्रण कमी-जास्त, मुद्दाम वाईट परिस्थिती. उपग्रहासाठी हे कोणी करत नाही. फायदा मात्र उपग्रहालाही मिळतो.

शर्वरी : पण घन इंधनाच्या खांबांवर माणूस बसवायचा? एकदा पेटला की तो बंद करता येत नाही.

मिलिंद : म्हणून तर वर सुटकेचा मनोरा. एस-२०० जळतच राहणार हे धरूनच आखणी करायची. काही बिघडलं की मनोऱ्याची छोटी घन मोटरं माणसांच्या कुपीला ओढून बाजूला नेणार, खालच्या रॉकेटपेक्षा वेगाने. ऑक्टोबर २०२३ मध्ये टीव्ही-डी१ चाचणीत तेच तपासलं. पहिल्यांदा पाच सेकंद उरलेले असताना संगणकाने थांबवलं, मग दहा वाजता गेलं. कुपी साधारण सतरा किलोमीटर उंचीवर सुटली, पॅराशूट उघडली, श्रीहरिकोट्यापासून दहाएक किलोमीटरवर समुद्रात पडली.

शर्वरी : पालथी पडली.

मिलिंद : पालथी पडली, कबूल. पाण्यात सरळ करणारे फुगे त्या कुपीला नव्हते. पुढच्यांना असणार.

बंड्या : पॅराशूटचं काय एवढं? विमानातून लोक रोज उड्या मारतात.

अण्णा : ये, बस इकडे. पाच टनांच्या जवळपासची कुपी. दहा पॅराशूट, चार प्रकारची. आधी दोन छोटी, ती वरचं झाकण ओढून काढतात, बाकीची त्याच्याखालीच घडी घालून ठेवलेली असतात. झाकण निघालं नाही तर पुढचं काही उरतच नाही. मग दोन ड्रोग, कुपीचं डोलणं थांबवायला आणि वेग उतरवायला. मग तीन पायलट, त्यांचं काम फक्त मुख्य पॅराशूट बाहेर ओढण्याचं. मग तीन मुख्य, प्रत्येक पंचवीस मीटर व्यासाचं. तिन्ही धडधाकट हवीत असं नाही, दोनांवरही जीव वाचतो.

बंड्या : मग प्रश्न कुठे?

अण्णा : एवढं मोठं कापड एकदम फुललं तर बसणाऱ्या झटक्याने दोऱ्या तुटतील, नाहीतर माणसाची मान. म्हणून घेराभोवती दोरी आवळून आधी थोडंच उघडू देतात, काही सेकंदांनी छोटा दारूचा कटर ती दोरी कापतो, मग पूर्ण फुलतं. याला रीफिंग म्हणतात. आता एकाची दोरी कापली आणि दुसऱ्याची कापायला उशीर झाला तर? सगळा भार एकावर. नोव्हेंबर २०२५ मध्ये झाशीजवळ बबीनाला नेमकं हेच करून पाहिलं. आयएल-७६ विमानातून अडीच किलोमीटरवरून वजन सोडलं आणि दोन मुख्य पॅराशूटांच्या दोऱ्या मुद्दाम वेगवेगळ्या वेळी कापल्या. त्याआधी ऑगस्टमध्ये चिनूक हेलिकॉप्टरने कुपी तीन किलोमीटर वर नेऊन सोडली होती. असल्या चाचण्यांच्या बातम्या चार ओळींच्या येतात. माझ्या मते गगनयानच्या तारखेबद्दल सर्वात खरं त्याच सांगतात, भाषणं नाही.

शर्वरी : भाषणात २०२२ होतं.

अण्णा : होतं.

मिलिंद : बरं, शुभांशू शुक्ला जून-जुलै २०२५ मध्ये अठरा दिवस आंतरराष्ट्रीय स्थानकावर राहून आला, ते उपयोगाचं की नाही?

शर्वरी : उपयोगाचं आहे. माणसाचं प्रशिक्षण झालं. रॉकेटचं नाही झालं, ते फाल्कन होतं.

चांद्रयान-४ वर मात्र तिघांचं चटकन एकमत झालं. मंजुरी सप्टेंबर २०२४ ची, २१०४ कोटी, चंद्रावरची माती परत आणायची. पाच भाग, आणि ते एका एलव्हीएम-३ मध्ये मावत नाहीत, म्हणून दोन उड्डाणं करून वरती जोडायचे. ट्रक नसला की टेंपोच्या दोन फेऱ्या, असं बंड्याने त्याचं सार काढलं. त्या जोडणीची तालीम म्हणजे स्पेडेक्स. २२० किलोचे दोन उपग्रह ३० डिसेंबर २०२४ ला गेले, जोडणी आधी ७ आणि मग ९ जानेवारीवरून पुढे ढकलली, १२ तारखेला तीन मीटरवर आणून पुन्हा मागे नेले, आणि १६ जानेवारीला जोडले. मिलिंदच्या मते ते दोनदा पुढे ढकलणं हीच त्या मोहिमेची सगळ्यात चांगली गोष्ट. मला पटलं.

बंड्या : आणि एनजीएलव्ही, ते येऊ घातलेलं मोठं रॉकेट? तीस टन! पहिला टप्पा परत येऊन उतरणार, इंधन मिथेन. ते आलं की तुमचा सेमी-क्रायो कालबाह्य.

मिलिंद : मिथेन काजळी कमी धरतं, म्हणून पुन्हा वापरायच्या इंजिनाला चांगलं, एवढं खरं. पण मंजुरी सप्टेंबर २०२४ ची, ८२४० कोटी, मुदत आठ वर्षं. सगळं वेळेवर झालं तर २०३२. वेळेवर झालं तर! त्याला तिसरा लाँचपॅड लागतो, तो जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झालाय, ३९८५ कोटींचा. पहिल्या टप्प्यात नऊ इंजिनांचा गठ्ठा. सेमी-क्रायो सोडून आत्ताच मिथेनच्या मागे धावलो, तर २०३२ पर्यंत हातात आठच टन.

शर्वरी : आणि खासगीवाले?

मिलिंद : स्कायरूट, अग्निकुल छोट्या रॉकेटांत आहेत. एसएसएलव्हीचं तंत्रज्ञान सरकारी विमान कंपनी एचएएलने ५११ कोटींची बोली लावून घेतलं. छोट्या रॉकेटांसाठी तमिळनाडूतल्या कुलसेकरपट्टिणमचा तळही बरा, तिथून थेट दक्षिणेला सोडता येतं. श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय कक्षेला जाताना श्रीलंकेला वळसा घालावा लागतो, त्यात वजन मार खातं. पण दहा टनांचा प्रश्न यातलं कोणी सोडवत नाही.

अण्णा : कारखाने तर पहिल्यापासून आहेत. विक्रोळीला गोदरेजमध्ये विकास इंजिनं बनतात, वालचंदनगरला बूस्टरची कवचं. घन इंधनाची विद्या वसंतराव गोवारीकरांच्या काळापासून मुरलेली. आपल्याला बनवता येत नाही असं नाही, भराभर बनवता येत नाही. एलव्हीएम-३ ची कक्षेत जाणारी उड्डाणं मोज. २०१७ पासून.

मिलिंद : २०१७ एक, २०१८ एक, २०१९ एक. वीस आणि एकवीस शून्य. २०२२ एक, २०२३ दोन, चोवीस शून्य, पंचवीस दोन. नऊ वर्षांत आठ.

बंड्या : पण शेवटची दोन ५२ दिवसांत झाली. २ नोव्हेंबर आणि २४ डिसेंबर.

अण्णा : तेच मला पंचवीस सालातलं सगळ्यात आशेचं वाटतं, ब्लूबर्डच्या वजनापेक्षा जास्त. आता लागणारी उड्डाणं मोज.

मिलिंद : स्थानकाची पाच दालनं, पाच. चांद्रयान-४ च्या दोन. गगनयानची, रिकामी आणि माणसांसकट, किमान तीन. दहा. स्थानकावर माणसं आणि सामान नेणं यात धरलेलं नाही, ग्राहकांचे उपग्रह धरलेले नाहीत.

शर्वरी : नाविक जीएसएलव्हीवर जातं, तेही यात नाही. नोंद असू दे.

अण्णा : असू दे. एका उड्डाणाला एस-२०० दोन. एकेक तीन तुकड्यांत ओततात. पीठ भिजवल्यासारखं इंधन साच्यात ओतायचं, मग दिवसचे दिवस गरम ठेवून घट्ट होऊ द्यायचं, मग प्रत्येक तुकड्याचा एक्स-रे. आत बुडबुडा किंवा भेग राहिली तर जळायला जास्त पृष्ठभाग मिळतो, दाब चढतो, कवच फाटतं. एक्स-रेत नापास झालेला तुकडा दुरुस्त होत नाही. दहा उड्डाणं, वीस खांब, किती तुकडे?

बंड्या : साठ.

अण्णा : साठ. आता २०३५ पासून मागे मोजत ये.